विश्लेषण : कॉलेजच्या म्युझिक व्हिडिओत ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे का?

मोबाइलवर चित्रित केलेले गाणे ध्रुपदापर्यंत झकास वाटते. दुसऱ्या कडव्यात गायिकेचे ओठ शब्दांच्या मागे पडू लागतात. कसेबसे जुळवून व्हिडिओ यूट्यूबवर चढवला, की ‘कॉपीराइट’ची सूचना येते. गॅदरिंगसाठी, स्पर्धेसाठी किंवा निव्वळ हौसेने म्युझिक व्हिडिओ करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या या तक्रारी दिसायला वेगवेगळ्या आहेत. मूळ मात्र एकच. एडिटिंग म्हणजे चित्राचे काम, असे धरून सुरुवात होते आणि गाण्याचा विचार सगळ्यात शेवटी होतो.

अडचण नेमकी कुठे येते?

सुपे (ता. बारामती) हे तालुक्याच्या जिरायती पट्ट्यातले मोठे गाव. इतिहासाच्या पुस्तकात ते शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीमुळे भेटते. आज आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरची मुले शाळा-कॉलेजसाठी इथे येतात. समजा, त्यांच्यातल्या चौघा-पाच जणांनी एक गाणे चित्रित करायचे ठरवले. एकाचा फोन बरा, एकीचा आवाज चांगला, एक जण ढोलकी वाजवतो, एकाला ‘एडिटिंग येते’. दोन दिवस माळावर, एक दिवस वर्गात चित्रीकरण झाले. चार मिनिटांच्या गाण्याचे दहा-बारा टेक जमले. आता फोनवरच्या ॲपमध्ये पहिली क्लिप टाकली, दुसरी टाकली, मध्ये एक चकचकीत ट्रान्झिशन दिले आणि शेवटी गाण्याची फाइल खाली चिकटवली.

इथेच काम बिघडते. लग्नाच्या व्हिडिओत ही पद्धत चालून जाते, कारण तिथे कुणाचे ओठ गाण्याशी जुळायचे नसतात. म्युझिक व्हिडिओत उलटे असते. गाण्याची लांबी, लय, शब्दांच्या जागा हे सगळे आधीच ठरलेले असते. त्यातले काहीच हलत नाही. हलते ते चित्र. म्हणून टाइमलाइनवर सर्वांत आधी गाण्याची पक्की फाइल ठेवायची, तिला कुलूप लावायचे आणि मग एकेक टेक तिच्याखाली किंवा तिच्यावर बसवायचा. ‘बसवायचा’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. तबला सुराला लावतात तसेच हे काम आहे, तितकेच किचकट आणि तितकेच कंटाळवाणे.

हे तंत्र आले कुठून?

बोलपटांच्या सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये आला, तेव्हा नट-नट्या कॅमेऱ्यासमोर स्वतःच गात आणि वाद्ये जवळच, कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा जागी वाजत. चित्र आणि आवाज एकाच वेळी टिपले जात. १९३५ मध्ये कोलकात्याच्या न्यू थिएटर्सने गाणे आधी ध्वनिमुद्रित करून, ते वाजवत चित्रीकरण करण्याची पद्धत आणली. पार्श्वगायन म्हणतात ते हेच. गाणारा आणि दिसणारा वेगळा झाला आणि त्याच दिवशी ओठ जुळवण्याचे काम जन्माला आले.

‘प्रभात’ १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली. तिच्याच जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथे पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी एडिटिंगच्या टेबलावर चित्राची एक पट्टी आणि आवाजाची दुसरी पट्टी शेजारी-शेजारी चालवत शिकले. दोन्ही पट्ट्यांवर एक समान खूण लागे. ती म्हणजे क्लॅप. लाकडी फळी मिटताना दिसते ती फ्रेम आणि ‘टक्’ ऐकू येतो तो क्षण एकमेकांसमोर आणायचा, की पुढचे सगळे आपोआप जुळते. आजच्या फोनला फळी लागत नाही. कलाकाराने टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर वाजवलेली एक टाळी तेच काम करते. ती टाळी वाजवायला लाजणारे नंतर रात्र-रात्र क्लिप सरकवत बसतात.

ओठ का सुटतात?

कारणे तीन आहेत. पहिले कारण मैदानातले.

ओढ्यापलीकडे कुणी कपडे धोपटत असेल, तर धोपाटणे खाली येताना आधी दिसते आणि आवाज मागून येतो. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे ३४ मीटरला सेकंदाचा दहावा भाग. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम सेकंदाच्या पंचविसाव्या भागाची, म्हणजे ३४ मीटरवर अडीच फ्रेमचा फरक पडला. माळावर लांबचा शॉट घेताना ब्लूटूथ स्पीकर बहुधा कॅमेरा धरणाऱ्याच्या पायाशी असतो आणि गाणारी मुलगी लांब टेकाडावर. तिला गाणे उशिरा ऐकू येते, ती उशिरा ओठ हलवते. फोनचा माइक मात्र ते गाणे लगेच टिपतो. एडिटिंगमध्ये फोनचा आवाज आणि पक्के गाणे बरोब्बर जुळवले, तरी ओठ मागेच राहतात आणि दोष ॲपला दिला जातो.

हा फरक माणसाला कळतो का? कळतो, आणि त्यातही एक गंमत आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रक्षेपणविषयक शिफारशीनुसार आवाज चित्राच्या पुढे असेल, तर ४५ मिलिसेकंदांनाच, म्हणजे जेमतेम एका फ्रेमला, प्रेक्षकाला खटकू लागते. आवाज मागे असेल, तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत, साधारण तीन फ्रेमपर्यंत, ते जाणवत नाही. लांबचा आवाज उशिरा येतो, याची सवय आपल्या मेंदूला जन्मापासून असते. आधी आवाज आणि मग हालचाल असे निसर्गात होत नाही. म्हणून स्पीकर नेहमी कलाकाराच्या जवळ ठेवावा, कॅमेऱ्याजवळ नाही. चूक झालीच तर ती डोळ्यांना चालणाऱ्या बाजूची होते आणि दोन-तीन फ्रेम सरकवून दुरुस्तही होते. संत तुकाराम महाराजांची पालखी उंडवडी, बारामती, सणसर, निमगाव केतकीमार्गे इंदापूरला जाते, तेव्हा दिंडीचे लांबून घेतलेले शॉट अनेकांनी फोनमध्ये साठवलेले असतील. झूम करून घेतलेल्या अशा शॉटमध्ये हातातले टाळ आणि त्यांचा आवाज तपासून पाहा. फरक लगेच दिसेल.

दुसरे कारण एडिट करणाऱ्याच्या कानात असते. ब्लूटूथ इअरबड्समध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो. सिनेमा पाहताना ॲप हा उशीर भरून काढते, म्हणून तो जाणवत नाही. एडिटिंगच्या ॲपमध्ये तसे होईलच याची खात्री नसते. अशा वेळी बरोबर बसलेला टेक चुकीचा वाटतो, तो हलवला जातो आणि इतरांच्या फोनवर ओठ सुटतात. दोनशे रुपयांचे वायरचे इअरफोन हा यावरचा सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय. हे वाचून कुणी फक्त एवढेच केले, तरी निम्मी भांडणे मिटतील.

तिसरे कारण फोनच्या आत आहे आणि तेच सर्वांत फसवे. फोन ‘३० फ्रेम’ म्हणतो, पण प्रत्येक सेकंदाला नेमक्या ३० फ्रेम टिपतोच असे नाही. उजेड कमी झाला, फोन तापला, की तो वेग थोडा कमी-जास्त करतो. बदलत्या वेगाची ही फाइल काही सॉफ्टवेअर ठरावीक वेगाची समजून वाचतात. समजा, सरासरी वेग २९.८ पडला आणि सॉफ्टवेअरने ३० धरला. चार मिनिटांत फोनने ७,१५२ फ्रेम टिपल्या. त्या ३० च्या हिशेबाने २३८.४ सेकंदांत संपल्या. गाणे २४० सेकंदांचे. शेवटाला १.६ सेकंदांचा फरक! सुरुवातीला टाळी जुळली, ध्रुपद जुळले आणि तिसऱ्या कडव्यात सगळे विसकटले, तर कारण बहुतेक हेच असते. ‘हँडब्रेक’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक फ्रेम-वेग निवडून फाइल एकदा नव्याने काढली, की रोग जातो. संगणक नसेल तर चित्रीकरणातच शहाणपण करावे. सबंध गाण्याचा एकच टेक घेण्याऐवजी ध्रुपद, कडवे, ध्रुपद असे तुकडे घ्यावेत आणि प्रत्येक तुकड्याला नवी टाळी द्यावी. तीस-चाळीस सेकंदांत फरक साचायला वेळच मिळत नाही.

क्लिप एकत्र कशा करायच्या?

या टप्प्यावर व्हॉट्सॲप घात करते. एकाची क्लिप मोरगावात, दुसऱ्याची सुप्यात, आणि दोघे ती ग्रुपवर टाकतात. व्हिडिओ म्हणून पाठवलेली क्लिप व्हॉट्सॲप दाबून लहान करते. गवताची पाती, साडीची नक्षी यांचा लगदा होतो. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली, तर मूळ रूपात जाते; मर्यादा दोन जीबीची आहे. त्याहून बरे म्हणजे केबल किंवा पेनड्राइव्ह. सेकंदाला १७ मेगाबिट दराने टिपलेल्या व्हिडिओचे एक मिनिट साधारण १२८ एमबीचे होते. चार मिनिटांचे दहा टेक म्हणजे पाच जीबीच्या थोडे वर. त्यामुळे चित्रीकरणाच्या आदल्या रात्री फोन रिकामा करणे हाही एडिटिंगचाच भाग समजावा.

सॉफ्टवेअरचा वाद घालण्यात अर्थ नाही. ‘काइनमास्टर’च्या मोफत आवृत्तीत कोपऱ्यात त्यांचे नाव उमटते, ते चालत असेल तर फोनवर काम होते. कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या संगणकावर ‘शॉटकट’ किंवा ‘केडेनलाइव्ह’ ही मुक्त सॉफ्टवेअर चालतात. ‘दाविंची रिझॉल्व्ह’ची मोफत आवृत्ती फार ताकदीची, पण तिला तसाच दणकट संगणक लागतो. कोणतेही घेतले तरी पद्धत एकच. सगळे टेक गाण्याशी जुळवून एकावर एक थरांत ठेवायचे, मग गाणे चालू करून वरून खाली पाहत जायचे आणि त्या-त्या ओळीला ज्या टेकमध्ये जीव आहे, तो उघडा ठेवायचा. जुळवण्याचे काम आधी पूर्ण संपवावे. जुळवता-जुळवता निवडत गेलो, की दोन्ही अर्धवट होतात.

कट कुठे करायचा?

ट्यूटोरियलमध्ये ‘बीटवर कट’ हा मंत्र सांगतात. तो अर्धाच खरा आहे. इथे आपल्याकडे ताल मोजण्याची जी रीत आहे, ती जास्त उपयोगी पडते. केरव्याचे आवर्तन आठ मात्रांचे. लय मिनिटाला १०० मात्रांची असेल, तर एक मात्रा ०.६ सेकंदांची, म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओत बरोबर १५ फ्रेमची. आवर्तन ४.८ सेकंदांचे. चार मिनिटांत ५० आवर्तने. म्हणजे दर समेवर एक कट केला, तरी ५० शॉट लागतात! चित्रीकरणाला निघण्यापूर्वी हा हिशेब वहीत मांडला, तर ‘शॉट कमी पडले’ म्हणून एकाच शॉटला स्लो-मोशनमध्ये ताणायची वेळ येत नाही. त्याच लयीच्या दादऱ्यात आवर्तन सहा मात्रांचे, ३.६ सेकंदांचे; शॉट ६६-६७ लागतील.

प्रत्येक मात्रेवर कट करणारे व्हिडिओ पाहताना दम लागतो. ढोलकी आधीच प्रत्येक मात्रा सांगत असते, चित्राने तीच गोष्ट पुन्हा कशाला सांगायची? ओळ संपते तिथे, समेवर किंवा एखादी हालचाल चालू असताना, म्हणजे ओढणी फिरवताना, मान वळवताना, पाऊल टाकताना केलेला कट डोळ्याला लागत नाही. नेमक्या समेपेक्षा एक-दोन फ्रेम आधी कट केला, तर नवा चेहरा ठोक्याबरोबर ‘येतो’. आणि कधी कधी कट न करणे हेच बरे. मुलगी मनापासून गात असेल, तर दोन आवर्तने तिच्यावरच थांबावे. मध्ये ड्रोनमधून दिसणारे शेत घालू नये.

ध्रुपद प्रत्येक वेळी परत येते, ही म्युझिक व्हिडिओची खरी कसोटी आहे. शब्द तेच, चाल तीच. चित्रही तेच दिले तर बोट पुढे सरकते. पहिल्या वेळी एकटी गाणारी, दुसऱ्या वेळी तिच्यामागे ढोलकीवाला, तिसऱ्या वेळी सगळा कंपू, असे ध्रुपद वाढवत नेले, की वेगळी गोष्ट लिहावी लागत नाही.

हळू चालीतली मजा हवी असेल, तर एक जुनी युक्ती आहे. गाणे दुप्पट वेगाने वाजवा, कलाकाराला त्या वेगात ओठ हलवू द्या, ५० फ्रेमने टिपा आणि एडिटिंगमध्ये २५ ने चालवा. केस, पदर, धूळ सगळे संथ होते. ओठ मात्र मूळ गाण्याशी जुळतात. चित्रीकरण पाहणाऱ्यांना हा प्रकार हास्यास्पद वाटतो, तेवढे सहन करावे लागते.

ऊन आणि ट्यूबलाइट

सुप्याचा माळ उघडा आहे. सावली देणारी झाडे विरळ, त्यामुळे सावल्या स्पष्ट पडतात आणि वेळ सांगतात. सकाळी आठचा शॉट आणि दुपारी बाराचा शॉट एकाच ओळीत शेजारी ठेवले, तर रंग कितीही सारखे केले तरी पायाखालची सावली चुगली करते. म्हणून वेळेप्रमाणे कडवी वाटून घ्यावीत. पहिले कडवे सकाळचे, दुसरे संध्याकाळचे.

वर्गातल्या शॉटमध्ये चित्रावर आडवे पट्टे सरकताना दिसतात, त्याचे कारण वीज. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. फोनचा शटर १/६० वर असेल, तर हिशेब जुळत नाही आणि पट्टे पडतात. ‘प्रो’ मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवला, की ते बहुतेक जातात. एडिटिंगमध्ये ते नंतर पुसणे महागडे आणि अर्धेमुर्धे काम आहे.

अभयारण्यात शूटिंग चालते का?

सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. चिंकारांसाठी ते ओळखले जाते. गवताळ माळ आणि मागे हरणे, असा शॉट कुणालाही हवाहवासा वाटेल. पण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात प्रवेश आणि छायाचित्रण-चित्रीकरण परवानगीनेच करता येते, आणि तेही अधिवासाला धक्का न लावता. मोठ्या आवाजात स्पीकर लावून पार्श्वगायनाचे टेक घेणे तिथे बसत नाही. गावाच्या आसपास तसाच दिसणारा खासगी पडीक माळ असतो; मालकाला विचारून तिथे जावे. परवानगीशिवाय घेतलेला शॉट एडिटिंगच्या टेबलावर कितीही सुंदर दिसला, तरी तो वापरणे म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच प्रसिद्ध करणे.

गाणे कोणाचे?

ओठ जुळले, कट बसले, पट्टे गेले. पण गाणेच दुसऱ्याचे असेल, तर वरची सगळी मेहनत एका सूचनेने झाकली जाते. कॉलेजमध्ये याविषयी तीन गैरसमज पक्के रुजलेले आहेत. तीस सेकंद वापरले तर चालते, श्रेय दिले की झाले, आणि शैक्षणिक कामासाठी सगळे माफ असते.

पहिल्या दोहोंना कायद्यात आधार नाही. सेकंदांची अशी कोणतीही सवलत कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये लिहिलेली नाही, आणि श्रेय म्हणजे परवानगी नव्हे. तिसऱ्यात थोडे तथ्य आहे. कलम ५२ नुसार शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी केलेले सादरीकरण चालते. गाण्याची तयार फाइल वाजवायची, तर प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित व्यक्ती इतकेच असले पाहिजेत. गॅदरिंगच्या मांडवात नाचलात, हरकत नाही. तोच नाच त्याच गाण्यासह यूट्यूबवर चढवला, की प्रेक्षक सगळे जग होते आणि सवलत संपते.

यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ यंत्रणा चढवलेला प्रत्येक व्हिडिओ मालकांनी दिलेल्या नमुन्यांशी ताडून पाहते. जुळला तर ‘क्लेम’ लागतो. मालक व्हिडिओ बंद करू शकतो किंवा जाहिरातीचे उत्पन्न स्वतःकडे वळवू शकतो. ‘स्ट्राइक’ ही त्याहून गंभीर गोष्ट. ९० दिवसांत तीन झाल्या, तर चॅनल बंद होऊ शकते. मित्राच्या चॅनलचे ठीक आहे. पण कॉलेजच्या अधिकृत चॅनलवर काही वर्षांची व्याख्याने, प्रयोगांचे व्हिडिओ असतात. गॅदरिंगची तीन गाणी त्या सगळ्यावर पाणी फिरवू शकतात.

मग संतांचे अभंग घ्यावेत का? घ्यावेत, पण थर ओळखून. गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण असे तीन वेगळे हक्क असतात. तुकाराम महाराजांचे शब्द सर्वांचे आहेत. पण लता मंगेशकरांनी गायलेल्या ‘अभंग तुकयाचे’ला चाल श्रीनिवास खळे यांची. खळे २०११ मध्ये गेले. हक्क मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, म्हणजे २०७१ अखेरपर्यंत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये आणि अण्णाभाऊ साठे १९६९ मध्ये गेले. ‘हे तर लोकांचेच’ असे वाटते, तरी सर्वसाधारण नियमाने त्यांचे शब्द अनुक्रमे २०२८ आणि २०२९ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. उलट बहिणाबाई चौधरींच्या कविता त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये पुस्तकरूपात आल्या. अशा लेखनाला प्रकाशनापासून ६० वर्षे धरतात. २०१३ पासून ते शब्द मोकळे आहेत. त्यांना सुप्यातल्या एखाद्या मुलीने स्वतःची चाल लावली, कॉलेजच्या ढोलकीवर ती बसवली आणि भिंतींवर गोधड्या टांगून घुमणारा वर्ग शांत करून ध्वनिमुद्रित केली, तर ती चाल आणि ते ध्वनिमुद्रण त्यांचे स्वतःचे. तिथे कुणाचा क्लेम टिकत नाही. माझ्या मते नव्या विद्यार्थ्यांसाठी सगळ्यात चांगली वाट हीच आहे, आणि शाळेत पाठ केलेल्या कितीतरी कविता या वाटेवर उभ्या आहेत.

‘कव्हर’ची कायद्यातली वाट अरुंद आहे. कलम ३१-सी अन्वये मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षांनी, आगाऊ सूचना आणि मानधन देऊन नवे ध्वनिमुद्रण करता येते. पण ते शब्द ध्वनिमुद्रणाविषयी आहेत, व्हिडिओविषयी नाहीत.

स्वतःचे गाणे असेल तर सही कशावर?

गाणे चालले, दहा-वीस हजार लोकांनी पाहिले, की एखाद्या चॅनलकडून फोन येतो. ‘आमच्याकडे टाका, प्रमोशन करतो’. सोबत एक कागद येतो आणि एकोणीस-वीस वर्षांचा गीतकार आनंदाने सही करतो. हा क्षण एडिटिंगपेक्षा महत्त्वाचा आहे. कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क दुसऱ्याला देणे लेखी आणि सहीनिशीच होते. कागदावर मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल, तर फक्त भारत. म्हणजे गप्प असलेला कागद गीतकाराच्या बाजूने झुकतो. धोका आहे तो ‘कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत’ असे स्पष्ट लिहिलेल्या कागदात. ती ओळ शोधावी आणि सही करण्यापूर्वी निदान एका वकिलाला दाखवावी. बारामतीत न्यायालय आहे, वकिलांची वानवा नाही.

त्याहीआधी आपापसांत एक साधा कागद करावा. शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोण गायले, एडिट कोणी केले आणि पैसे आलेच तर कसे वाटायचे. दोस्तीत कागद कशाला, असे त्या वेळी वाटते.

चेहऱ्यांचे काय?

अकरावी-बारावीतली बहुतेक मुले १८ वर्षांखालची असतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ त्यांना ‘मूल’च म्हणतो. कायद्याचा कीस न काढताही एवढे कळते, की गॅदरिंगमध्ये नाचायला तयार झालेली मुलगी यूट्यूबवर दिसायला तयार असेलच असे नाही. घरी काय बोलले जाईल, खाली कुणी काय लिहील, ती फ्रेम थांबवून कुणी काय करील, याचा हिशेब तिलाच मांडावा लागतो. मुलांना तो बहुतेक दिसतही नाही. म्हणून एडिट पक्का करण्यापूर्वी, पहिला कच्चा कट झाला की तो फोनवर फिरवू नये. सगळ्यांना एका खोलीत बसवून दाखवावा आणि प्रत्येकीला एकटीला विचारावे. मागे बसलेल्या, चुकून फ्रेममध्ये आलेल्या मुलींनाही. कुणी नको म्हटले, तर कारण विचारू नये. थरांत ठेवलेले बाकीचे टेक अशा वेळी कामी येतात; त्या जागी दुसरा शॉट बसतो, ओठ तसेच जुळलेले राहतात.

प्रोजेक्ट फाइल आणि मूळ क्लिप निदान वर्षभर सांभाळाव्यात. व्हिडिओ चढवल्यानंतर कुणाचा विचार बदलला, तर यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमध्ये तेवढा भाग कापता येतो किंवा चेहरा धूसर करता येतो. लिंक बदलत नाही, पाहणाऱ्यांचा आकडाही तसाच राहतो. ज्यांनी तो आधीच उतरवून घेतला आहे, त्यांच्या फोनमध्ये मात्र तो जुनाच राहतो.